बालहट्ट व आकांडतांडव

लहान मुलाने एखाद्या गोष्टीसाठी धरलेल्या आग्रहाला बालहट्ट म्हणतात. हा आग्रह पुरा झाला नाही किंवा मुलाच्या मनाविरुद्ध काही घडले, की रडणे, किंचाळणे, हातपाय आपटणे, जमिनीवर लोळण घेणे, वस्तू फेकणे, मारणे वा चावणे अशा रूपाने रागाचा अचानक उद्रेक होतो. या उद्रेकास आकांडतांडव किंवा त्रागा असे म्हटले जाते. साधारणपणे वयाच्या पहिल्या वर्षानंतर असे प्रसंग दिसू लागतात, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी ते सर्वाधिक असतात आणि चौथ्या वर्षानंतर हळूहळू कमी होत जातात. बालविकासशास्त्रानुसार या वयातील आकांडतांडव हा आजार नसून वाढीचा एक स्वाभाविक टप्पा आहे. इच्छा तीव्र असणे, ती सांगण्यासाठी शब्द अपुरे असणे आणि भावना आवरणारी मेंदूतील यंत्रणा अपरिपक्व असणे, या तीन गोष्टी एकाच वयात एकत्र येणे हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. उद्रेक फार वारंवार, फार दीर्घ किंवा मुलास इजा करणारे असतील, तर मात्र ते तपासणीची गरज दर्शवू शकतात.

शब्द व संज्ञा

मराठीत या वर्तनासाठी अनेक शब्द रूढ आहेत. हट्ट, हेका आणि आग्रह हे शब्द मागणीच्या चिकाटीवर भर देतात, तर आकांडतांडव, थयथयाट, आदळआपट, त्रागा आणि आक्रस्ताळेपणा हे शब्द तिच्या प्रकटीकरणाचे वर्णन करतात. भोकाड पसरणे, लोळण घेणे, पाय घासणे, फुरंगटून बसणे हे वाक्प्रचार उद्रेकाच्या वेगवेगळ्या अवस्था दाखवतात. बालहट्ट, स्त्रीहट्ट आणि राजहट्ट असे तीन हट्ट एकत्र सांगण्याची पद्धत जुनी असून, हे तिन्ही हट्ट मोडता येत नाहीत असा तिचा आशय आहे.

हट्ट आणि आकांडतांडव यांत फरक आहे. हट्टामध्ये मुलाला काय हवे ते ठाऊक असते आणि त्याचे लक्ष समोरच्या मोठ्या माणसाच्या प्रतिसादाकडे असते. आकांडतांडव शिगेला पोहोचल्यावर मूळ मागणी मागे पडते. अनेकदा मागितलेली वस्तू हातात दिली तरी मूल ती भिरकावून देते. अशा वेळी मुलाचा स्वतःवरील ताबा सुटलेला असतो. दोन्ही अवस्था एकाच प्रसंगात पाठोपाठ येऊ शकतात.

स्वरूप

आकांडतांडवात राग आणि दुःख या दोन भावना मिसळलेल्या असतात. किंचाळणे, लाथा मारणे, फेकाफेक ही रागाची लक्षणे होत. हुंदके, कुरकुर, आईवडिलांना बिलगणे ही दुःखाची. राग सामान्यतः सुरुवातीस झपाट्याने चढतो व उतरतो. दुःख संपूर्ण प्रसंगात कमीअधिक प्रमाणात टिकून राहते आणि राग ओसरल्यावर ठळकपणे दिसते. त्यामुळे काही क्षणांपूर्वी दूर ढकलणारे मूल शेवटी त्याच व्यक्तीच्या कुशीत शिरते. हे ढोंग नसून भावनांच्या क्रमाचा भाग आहे.

बहुतेक प्रसंग अल्पकाळ टिकतात. मायकेल पोटेगल व रिचर्ड डेव्हिडसन यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात ३३५ मुलांच्या पालकांनी दिलेल्या वर्णनांचे विश्लेषण आहे. त्यानुसार सुमारे तीन चतुर्थांश प्रसंग पाच मिनिटांत किंवा त्यापूर्वी संपले होते. याच अभ्यासात १८ ते २४ महिने वयाच्या सुमारे ८७ टक्के, ३० ते ३६ महिने वयाच्या सुमारे ९१ टक्के आणि ४२ ते ४८ महिने वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलांमध्ये आकांडतांडव आढळले. मात्र हे प्रसंग रोज घडतातच असे नाही. लॉरेन वाक्शलॅग व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये शाळापूर्व वयाच्या सुमारे १,५०० मुलांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बहुसंख्य मुलांना कधी ना कधी उद्रेक होत असल्याचे, परंतु रोज उद्रेक होणाऱ्या मुलांचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी असल्याचे दिसले.

कारणे

मेंदूची वाढ

भावना निर्माण होणे आणि भावना आवरणे ही मेंदूतील वेगवेगळ्या भागांशी निगडित कार्ये आहेत. भीती, संताप यांसारख्या तीव्र भावनांशी संबंधित असलेला अमिग्डला हा भाग जन्मापासूनच कार्यरत असतो. थांबणे, वाट पाहणे, परिणामांचा विचार करणे, एका गोष्टीवरून लक्ष दुसरीकडे वळवणे ही कामे कपाळामागील प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या भागावर अवलंबून असतात. हा भाग सर्वांत सावकाश परिपक्व होतो व त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. दोन वर्षांच्या मुलाला ‘आता नाही, नंतर’ या शब्दांचा अर्थ कळला, तरी तो अमलात आणण्याची क्षमता त्याच्याकडे पुरेशी नसते. या वयातील मुले मोठ्यांच्या मदतीनेच शांत होतात. जवळच्या व्यक्तीचा स्थिर आवाज, स्पर्श आणि सान्निध्य यांतून शांत होण्याचा अनुभव वारंवार मिळाल्यावर ती क्षमता मुलात हळूहळू रुजते.

भाषा

मुलाला समजणारी भाषा त्याला बोलता येणाऱ्या भाषेच्या बरीच पुढे असते. दीड वर्षाच्या सुमारास मूल अनेक सूचना समजू शकते, पण त्याच्या तोंडी मोजकेच शब्द असतात. दोन वर्षांच्या आसपास ते दोन शब्द जोडू लागते. ‘दूध नको’ असे सांगता येणारे मूल ‘दूध नेहमीच्या पेल्यात हवे होते’ असे सांगू शकत नाही. ही तफावत उद्रेकास कारणीभूत ठरते. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उशिरा बोलू लागणाऱ्या मुलांमध्ये तीव्र स्वरूपाच्या उद्रेकांची शक्यता इतर मुलांच्या सुमारे दुप्पट आढळली. शब्दसंपदा वाढू लागली की बहुतेक मुलांमधील उद्रेक कमी होतात. घरी एक बोली आणि अंगणवाडीत दुसरी भाषा ऐकणाऱ्या मुलांच्या बाबतीत, मुलाला आपल्या बोलीत व्यक्त होण्याची मुभा असणे याच कारणास्तव महत्त्वाचे ठरते.

स्वायत्ततेची ओढ

चालता येऊ लागले की मुलाला आपण आईवडिलांपासून वेगळे आहोत व आपल्या इच्छेने काही घडवू शकतो याची जाणीव होते. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी या टप्प्याचे वर्णन स्वायत्तता विरुद्ध लज्जा व संशय असे केले आहे. ‘मी करणार’, ‘माझं’ आणि ‘नाही’ हे शब्द याच काळात मुलाच्या बोलण्यात येतात. चप्पल स्वतः घालण्याची इच्छा आहे, पण बोटांना ते कौशल्य नाही. मोठ्यांनी घालून दिली तर इच्छा मोडते. अशा कोंडीतून अनेक प्रसंग उद्भवतात.

भूक, झोप व आजार

भुकेलेले, पेंगुळलेले वा आजारी मूल क्षुल्लक कारणाने कोसळते. दुपारची झोप चुकणे, जेवणास उशीर होणे, दात येणे, सर्दीताप, बद्धकोष्ठता, उकाडा आणि गोंगाट यांमुळे मुलाची सहनशक्ती कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार १ ते २ वर्षे वयाच्या मुलांना दिवसभरात ११ ते १४ तास आणि ३ ते ४ वर्षे वयाच्या मुलांना १० ते १३ तास झोप आवश्यक असते. यात दिवसाच्या झोपेचाही समावेश होतो.

नित्यक्रम व सुव्यवस्थेची गरज

इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी लहान मुलांमध्ये सुव्यवस्थेबद्दल विशेष संवेदनशीलता असते असे मांडले. वस्तू नेहमीच्या जागी असणे आणि गोष्टी नेहमीच्या क्रमाने घडणे यांवर मुलाची सुरक्षिततेची भावना अवलंबून असते. माँटेसरी यांनी नोंदवलेल्या एका प्रसंगात, उकाड्यामुळे आईने अंगातला कोट काढून हातावर टाकताच मूल रडू लागले, ते कोणत्याही उपायाने थांबेना. आईने कोट पुन्हा अंगावर घेताच ते शांत झाले. पोळीचा तुकडा मोडल्यामुळे किंवा दाराची कडी दुसऱ्याने उघडल्यामुळे होणारा आकांत मोठ्यांना निरर्थक वाटतो, पण मुलाच्या दृष्टीने तेथे एक निश्चित क्रम भंगलेला असतो.

उपजत स्वभाव

एकाच घरातील दोन भावंडांमध्येही उद्रेकांचे प्रमाण वेगळे असते. भावनांची तीव्रता, नव्या परिस्थितीशी जुळवून घेण्याची गती आणि आवाज, स्पर्श, प्रकाश यांविषयीची संवेदनक्षमता जन्मतः भिन्न असते. त्यामुळे केवळ लाडामुळे किंवा केवळ आईच्या दुर्लक्षामुळे मूल हट्टी झाले, असा निष्कर्ष बहुधा अपुरा ठरतो.

शिकलेले वर्तन

आकांडतांडवाची सुरुवात स्वाभाविक असली, तरी त्याचे टिकून राहणे प्रतिसादावर अवलंबून असते. रडण्यामुळे खाऊ किंवा मोबाइल मिळाला, तर पुढच्या वेळी रडण्याची शक्यता वाढते. त्याच वेळी मूल गप्प झाल्यामुळे मोठ्यांचीही सुटका होते आणि मागणी पुरवण्याची त्यांची सवय पक्की होते. दोन्ही बाजू एकमेकांना शिकवत जातात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी या साखळीला सक्तीचे चक्र असे संबोधले आहे. कधी नकार तर कधी होकार अशा अनिश्चित प्रतिसादामुळे हट्ट अधिक चिवट होतो, कारण आणखी थोडे रडल्यास मागणी पुरी होईल ही आशा कायम राहते. एकत्र कुटुंबात आईने नाकारलेली गोष्ट आजी, आजोबा किंवा काका देतात तेव्हा असाच परिणाम दिसतो.

अभ्यासाचा इतिहास

चार्ल्स डार्विन यांनी स्वतःच्या मुलाच्या वाढीच्या नोंदींवर आधारित लेख १८७७ मध्ये प्रसिद्ध केला. मूल दोन वर्षे तीन महिन्यांचे असताना त्यास चीड आणणाऱ्या कोणावरही ते पुस्तके व काठ्या फेकत असे, असे त्यात नमूद आहे. या विषयाचा पहिला मोठा पद्धतशीर अभ्यास फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी अमेरिकेतील मिनेसोटा येथे केला व तो १९३१ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यांनी मातांना मुलांच्या रागाच्या प्रसंगांची रोजनिशी ठेवण्यास सांगितले होते. उद्रेकांचे प्रमाण आयुष्याच्या दुसऱ्या वर्षी सर्वाधिक असते आणि जेवणापूर्वी, थकव्याच्या वेळी तसेच किरकोळ आजारपणात ते वाढते, हे त्यांचे निष्कर्ष आजही ग्राह्य मानले जातात. २०११ मध्ये जेम्स ग्रीन, पामेला व्हिटनी व मायकेल पोटेगल यांनी मुलांच्या कपड्यांत बसवलेल्या सूक्ष्म ध्वनिग्राहकांच्या साहाय्याने प्रत्यक्ष उद्रेकांतील आवाजांची नोंद केली. किंचाळणे व ओरडणे हे रागाचे, तर रडणे व कुरकुरणे हे दुःखाचे आवाज एकत्र गुंफलेले असतात, असे त्यातून दिसले.

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा दृष्टिकोन

महाराष्ट्रात मुलाच्या हट्टाकडे शिस्तभंग म्हणून न पाहता त्यामागील गरज शोधण्याची दृष्टी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालशिक्षणाच्या चळवळीतून रुजली. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. या चळवळीने धाकदपटशा, मारझोड आणि आमिष या तिन्हींना विरोध केला आणि शिक्षणपत्रिका या नियतकालिकातून हे विचार पालकांपर्यंत पोहोचवले. माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या. त्यांच्या वास्तव्यामुळे या विचारांना बळ मिळाले.

१९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम सुरू केले. अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांच्या सहकारी होत्या. पुढे हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाड येथे हलले व आदिवासी पाड्यांपर्यंत गेले. मुले बालवाडीत येत नाहीत हे पाहून बालवाडीच पाड्यावरील अंगणात भरवण्याचा प्रयोग तेथे झाला. अंगणवाडी ही संकल्पना या प्रयोगातून पुढे आली. महागड्या साधनांऐवजी बिया, शंखशिंपले, पाने, माती असे परिसरातील साहित्य वापरणे आणि हाताला काम देऊन मुलाची ऊर्जा वळवणे हे या पद्धतीचे वैशिष्ट्य होते. आपल्या हाताने काही करण्यास मिळणारे मूल कमी चिडते, ही त्यामागील धारणा स्वायत्ततेच्या आधुनिक विवेचनाशी जुळते. ताराबाई मोडक यांना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताई वाघ यांना १९८५ मध्ये पद्मश्री हे सन्मान मिळाले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. या योजनेतील अंगणवाड्यांमध्ये सहा वर्षांखालील मुलांना पूरक आहार, आरोग्य तपासणी व शाळापूर्व शिक्षण दिले जाते. घर सोडून प्रथमच बाहेर बसणाऱ्या मुलांचा आकांत हा अंगणवाडी सेविकांच्या नित्य अनुभवाचा भाग असतो.

लोकपरंपरा व समजुती

बाळ रामाने आकाशातील चंद्र मागितला व त्याला आरशात चंद्राचे प्रतिबिंब दाखवून शांत करण्यात आले, ही कथा महाराष्ट्रातील घरोघरी सांगितली जाते. तीत मागणीचा धिक्कार न करता मुलाचे लक्ष वळवण्याची युक्ती दिसते. चिऊकाऊ दाखवत घास भरवणे, अंगाई, बडबडगीते, मांडीवर घेऊन थोपटणे या पारंपरिक रीतीही मुलास शांत करण्यास साहाय्यभूत ठरतात.

मूल सतत किरकिर करू लागल्यास दृष्ट लागली असे मानून मीठमोहरीने ती काढण्याची प्रथा आहे. या प्रथेने मुलाचे नुकसान होत नाही. मात्र ताप, कानदुखी, पोटदुखी यांसारखे कारण त्यामुळे दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो. बागुलबुवा, पोलीस किंवा डॉक्टरांच्या सुईची भीती घालून गप्प बसवण्याची पद्धतही सर्वत्र आढळते. भीतीने मूल तात्पुरते गप्प होते, पण राग आवरण्यास शिकत नाही, आणि पुढे दवाखान्यात जाण्याची वेळ आल्यास हीच भीती नव्या उद्रेकाचे कारण बनते.

हाताळणी

पूर्वकाळजी

उद्रेक टाळण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग त्याच्या पूर्वस्थितीकडे लक्ष देणे हा मानला जातो. झोप व जेवणाच्या वेळा शक्यतो स्थिर ठेवणे, एखादी गोष्ट संपण्यापूर्वी मुलास सूचना देणे, मुलाच्या हाती लागू नयेत अशा वस्तू नजरेआड ठेवणे, यांमुळे नकाराचे प्रसंग कमी होतात. ‘काय घालणार?’ या मोकळ्या प्रश्नापेक्षा ‘लाल सदरा की निळा?’ अशी मर्यादित निवड मुलाला पेलते व त्याच्या स्वायत्ततेचा मान राखते. शांतपणे मागितल्याबद्दल किंवा वाट पाहिल्याबद्दल लगेच कौतुक केल्यास ते वर्तन वाढते. नियम थोडे असावेत व घरातील सर्वांनी ते सारखेच पाळावेत, असा सल्ला दिला जातो.

उद्रेकाच्या वेळी

उद्रेक सुरू झाल्यावर प्रथम मुलाची सुरक्षितता पाहिली जाते. आजूबाजूच्या धोक्याच्या वस्तू दूर करणे किंवा मुलास उचलून सुरक्षित जागी नेणे आवश्यक असते. राग शिगेला असताना लांबलचक समजूत, प्रश्न किंवा धमक्या मुलापर्यंत पोहोचत नाहीत. मुलाच्या उंचीला बसून थोडक्या शब्दांत भावना ओळखून सांगणे (‘तुला अजून खेळायचं होतं, म्हणून राग आला’), नकार कायम ठेवणे आणि जवळ थांबणे हे पुरेसे असते. काही मुलांना कुशीत घेतलेले आवडते, काहींना त्या क्षणी स्पर्श नकोसा होतो.

केवळ मागणीसाठी चाललेल्या व इजा न करणाऱ्या वर्तनाकडे दुर्लक्ष करणे ही मान्य पद्धत आहे. दुर्लक्ष त्या वर्तनाकडे करावयाचे असते; मुलाला एकटे टाकणे असा त्याचा अर्थ नाही. ही पद्धत सुरू केल्यावर आरंभी रडण्याचा जोर वाढतो. पूर्वी उपयोगी पडलेला मार्ग मूल अधिक जोराने आजमावून पाहते. नेमक्या याच टप्प्यावर मोठी माणसे माघार घेतात आणि जास्त रडल्यावर मागणी पुरी होते असा धडा मुलास मिळतो.

उद्रेकानंतर

शांत झालेल्या मुलास जवळ घेणे, पाणी देणे व नेहमीच्या कामात सामील करणे इष्ट समजले जाते. घडलेल्या प्रसंगाची पाहुण्यांसमोर पुनरावृत्ती, चेष्टा किंवा ‘हट्टी’ असा शिक्का मुलाच्या मनात लाज निर्माण करतो. फेकलेल्या वस्तू मोठ्यांसोबत उचलणे यांसारखी छोटी दुरुस्ती अधिक उपयुक्त ठरते.

टाळावयाच्या गोष्टी

मारहाण केल्याने राग आल्यावर मारावे हेच मूल शिकते. लहान मुलास जोरात गदागदा हलवणे अत्यंत धोकादायक असून त्यामुळे मेंदूत रक्तस्राव, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू ओढवू शकतो. स्वतःचा ताबा सुटत आहे असे जाणवल्यास मुलास सुरक्षित जागी ठेवून काही क्षण बाजूला होणे किंवा घरातील दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवणे हे योग्य मानले जाते.

मुलास गप्प करण्यासाठी मोबाइल देण्याची सवयही अपायकारक ठरू शकते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेनी रॅडेस्की व सहकाऱ्यांच्या अभ्यासात, ३ ते ५ वर्षे वयाच्या मुलांना शांत करण्यासाठी वारंवार पडद्याचा वापर करणे आणि पुढील महिन्यांत भावनिक चढउतार वाढणे यांत संबंध आढळला. मुलग्यांमध्ये तो अधिक ठळक होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांसाठी पडद्यासमोर बसणे उचित नाही आणि २ ते ४ वर्षे वयात ते दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावे.

प्रवास व समुद्रकिनारे

प्रवासात व पर्यटनस्थळी उद्रेकांची बहुतेक कारणे एकत्र येतात. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील काशीद हे याचे बोलके उदाहरण होय. पांढरी वाळू व सुरूच्या बनासाठी प्रसिद्ध असलेले हे गाव अलिबागपासून सुमारे ३० किलोमीटरवर, रेवदंडा–मुरूड मार्गावर आहे. मुंबई व पुण्याहून सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या कुटुंबांचा प्रवास वडखळजवळील वाहतूककोंडीमुळे लांबतो. लहान मुलाची दुपारची झोप गाडीत तुकड्यातुकड्यांनी होते, जेवणाची वेळ टळते आणि उन्हात तापलेल्या वाळूवर त्याला नव्या आवाजांना व गर्दीला सामोरे जावे लागते. पाण्याच्या फेसाला भिणारे मूल थोड्याच वेळात पाण्यातून बाहेर येण्यास नकार देते. घोड्यावरची फेरी एकदा मिळाली की दुसरी हवी असते. परतीच्या वेळी वाळूचा किल्ला सोडून जाणे त्याला अशक्य वाटते. आईवडिलांच्या दृष्टीने जी सहल असते, तीत मुलाच्या नित्यक्रमातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट बदललेली असते.

अशा ठिकाणी आकांडतांडवास सुरक्षिततेचा पैलूही असतो. काशीदचा समुद्र खवळलेल्या लाटा व ओढ यांमुळे धोकादायक मानला जातो व तेथे बुडून मृत्यू झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. किनाऱ्याला लागूनच वाहनांचा रस्ता आहे. रागाच्या भरात पळणारे मूल पाण्याकडे किंवा रस्त्याकडे जाऊ शकते, आणि त्याच वेळी मोठ्यांचे लक्ष लोकांच्या नजरांकडे वा आपापसांतील वादाकडे गेलेले असते. म्हणून समजूत घालण्यापूर्वी मुलास उचलून पाणी व रस्ता या दोहोंपासून दूर, सावलीत नेणे आवश्यक ठरते. पाणी पाजणे व कोरडे कपडे घालणे यानेही पुष्कळदा रडणे थांबते. निघण्यापूर्वी ‘आणखी तीन लाटा, मग गाडी’ अशी मोजता येणारी सूचना, शंखशिंपल्यांची पुरचुंडी सोबत नेण्याची मुभा आणि प्रवासाची वेळ झोपेच्या वेळेशी जुळवणे हे उपाय उपयोगी पडतात.

सार्वजनिक ठिकाणी पालकांना वाटणारी लाज हाही एक घटक आहे. बघ्यांच्या दडपणामुळे पालक एक तर लगेच मागणी पुरवतात किंवा घरी करणार नाहीत इतकी कठोर शिक्षा करतात. दोन्ही प्रतिसाद मुलाच्या गरजेपेक्षा बघ्यांच्या उपस्थितीने ठरलेले असतात.

रडताना श्वास रोखला जाणे

काही मुले जोरात रडताना किंवा दचकल्यावर श्वास सोडून तशीच थांबतात, ओठ निळसर वा चेहरा पांढरा पडतो आणि क्वचित काही क्षण शुद्ध हरपते. ही प्रतिक्षिप्त क्रिया असून मूल ती जाणूनबुजून करत नाही. साधारणपणे सहा महिने ते सहा वर्षे या वयात असे झटके येतात व ते आपोआप थांबतात. अशा वेळी मुलास एका कुशीवर झोपवणे, तोंडात काही न घालणे व न हलवणे योग्य असते. पहिला झटका आल्यावर फिट येणे किंवा हृदयविकार नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून घेणे आवश्यक आहे.

या झटक्यांचा शरीरातील लोहाच्या कमतरतेशी संबंध असून लोहाच्या औषधाने ते अनेक मुलांत कमी होतात. २०१९–२१ मधील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ६ ते ५९ महिने वयाच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे सतत चिडचिड करणाऱ्या व श्वास रोखणाऱ्या मुलाची रक्ततपासणी येथे विशेष महत्त्वाची ठरते.

तज्ज्ञांच्या सल्ल्याची गरज

अँड्र्यू बेल्डन, जोन लुबी व सहकाऱ्यांनी ३ ते ६ वर्षे वयाच्या २७९ मुलांचा अभ्यास करून २००८ मध्ये काही धोक्याची चिन्हे मांडली. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे :

- बहुतेक उद्रेकांत मूल इतरांवर किंवा वस्तूंवर हल्ला करते.
- डोके आपटणे, स्वतःस चावणे वा ओरबाडणे असे स्वतःस इजा करणारे वर्तन दिसते.
- दिवसातून अनेकदा, अनेक दिवस असे उद्रेक होतात.
- उद्रेक सरासरी २५ मिनिटांपेक्षा जास्त टिकतात.
- मोठ्यांच्या मदतीशिवाय मूल कधीच शांत होऊ शकत नाही.

याखेरीज चार वर्षांनंतरही उद्रेक वाढत जाणे, बोलणे उशिरा येणे, नजरेस नजर न देणे, ऐकू न येण्याची शंका, पूर्वी आलेली कौशल्ये गमावणे किंवा झोपेत घोरणे व वारंवार जाग येणे अशी लक्षणे असल्यास बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घेतला जातो. स्वमग्न मुलांमध्ये आवाज, प्रकाश, स्पर्श यांच्या अतिरेकाने होणारा आकांत वरवर हट्टासारखा दिसतो. त्यात मागणी नसते, म्हणून दुर्लक्ष करण्याचा उपाय तेथे लागू पडत नाही व उत्तेजना कमी करणे गरजेचे असते. घरातील हिंसा, व्यसन, विभक्ती, नव्या भावंडाचे आगमन किंवा जवळच्या व्यक्तीचा मृत्यू यांनंतर वाढलेले उद्रेक मुलाच्या मनावरील ताण दर्शवू शकतात.

उपलब्ध सेवा

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत आरोग्य पथके अंगणवाड्यांमध्ये वर्षातून दोनदा मुलांची तपासणी करतात. वाढीतील विलंब, श्रवणदोष किंवा रक्तक्षय आढळल्यास मुलास पुढील उपचारांसाठी पाठवले जाते; त्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे. मुलाचा छळ होत असल्यास चाइल्डलाइनच्या १०९८ या क्रमांकावर कळवता येते. पालकांना स्वतःच्या ताणतणावासाठी २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर समुपदेशन मिळू शकते. मुलाच्या उद्रेकाची तीव्रता कमी होण्यात त्याची काळजी घेणाऱ्या व्यक्तीची विश्रांती व मनःस्वास्थ्य यांचाही वाटा असतो.

हे सुद्धा पहा

- बालमानसशास्त्र
- अंगणवाडी
- ताराबाई मोडक
- अनुताई वाघ
- माँटेसरी शिक्षणपद्धती
- स्वमग्नता
- काशीद